काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर : हुप्प्या, वानरी आणि हौदातली माकडीण

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया तीन वेळा वाचली. कुणी एवढं मनापासून आणि रागावून लिहिलं की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमत नाही. म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या मारोतीच्या देवळामागे दोन मोठ्या चिंचा आहेत. तिथे वानरांची एक टोळी असते : एक हुप्प्या म्हणजे टोळीचा मोठा नर, नऊ वानरी आणि त्यांची लेकरं. गेल्या चैत्रात बाहेरून नवा हुप्प्या आला, त्याने जुन्याला हुसकावलं आणि पुढच्या पंधरवड्यात दोन काळी, तान्ही पिल्लं दिसेनाशी झाली. त्या दिवसांत वानरी काय काय करत होत्या ते मी लिहिलं आणि त्याला ‘डावपेच’ म्हटलं.

तुमचे आक्षेप तीन. पहिला, नर पिल्लं मारतो ही राजस्थानातल्या अबूला देवळातल्या फुटाण्यांवर पोसलेली वानरं पाहून एका परदेशी बाईने काढलेली गोष्ट आहे. तुम्ही साठ वर्षं शेती केली, पण तुम्हाला असं कधी दिसलं नाही. दुसरा, आईला डावपेच करणारी म्हणणं हा आईपणाचा अपमान आहे, आणि वानरीचं आईपण किती हे हौदातल्या माकडिणीच्या गोष्टीने आपल्याला केव्हाच सांगितलं आहे. तिसरा, एक मादी अनेक नरांकडे जाते असं लिहून मी गावातल्या पोरींना काय शिकवणार आहे? शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘आमच्या तुरीचं वाटोळं करणाऱ्या या वांदरांचं एवढं कौतुक नको. आम्ही यंदा हुप्प्या पकडून जंगलात सोडणार आहोत.’ त्या शेवटच्या वाक्याकडे मी शेवटीच येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आधी माझी चूक. ‘नवा हुप्प्या आला की तान्ही पिल्लं मारतोच’ असं मी लिहिलं होतं. त्यातला ‘च’ चुकीचा आहे. काही वेळा टोळीचा ताबा बदलतो आणि पिल्लं वाचतात. ज्या टोळ्यांत एकाहून जास्त मोठे नर असतात, तिथलं चित्र वेगळं असतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी फिलिस जे या संशोधक बाईंनी बस्तरकडच्या ओरछा इथल्या वानरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना बऱ्यापैकी शांत टोळ्या दिसल्या. मूळ लेखातलं ते वाक्य मी दुरुस्त केलं आहे.

पण गोष्ट खोटी नाही, काका, आणि ती एका बाईने काढलेलीही नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी ती पहिल्यांदा नोंदवली. 1971 साली जोधपूरचे संशोधक मोहनोत यांनी तिथल्या वानरांबद्दल तेच लिहिलं. त्याच वर्षी तुम्ही म्हणता त्या परदेशी बाई, सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकी संशोधक, अबूला आल्या. आणि येताना त्यांच्या मनात नेमकं तुमचंच म्हणणं होतं : गर्दी झाली, माणसांनी खाऊ घातलं, म्हणून ही वानरं बिथरली असतील. तेच तपासायला त्या आल्या होत्या. पाच वर्षं येऊन-जाऊन पाहिल्यावर त्यांनी स्वतःचंच म्हणणं सोडलं, कारण पिल्लांवरचे हल्ले गर्दीच्या मागे नव्हे, बाहेरून आलेल्या नराच्या मागे येत होते.

तरी अबू देवळांचंच गाव, हा तुमचा मुद्दा उरतो. म्हणून कान्ह्याचं सांगते. कान्ह्याचं जंगल आपल्याला परकं नाही, गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट-मंडल्यात आहे. तिथे सालाच्या जंगलात, जिथे कुणी फुटाणे टाकत नाही, पॉल न्यूटन या संशोधकांनी वानरांचा अभ्यास केला आणि तिथेही नराने पिल्लं मारल्याचं 1986 साली प्रसिद्ध केलं. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलात कॅरोला बोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतून डीएनए काढून तपासला. हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप आहे, असं एकाही प्रकरणात निघालं नाही. हे 1999 सालचं. बिथरलेला नर आपलं-परकं पाहून हल्ला करत नसतो.

साठ वर्षांत तुम्हाला दिसलं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मारताना मीही पाहिलेलं नाही, लेखातही तसंच लिहिलं आहे. मी पाहिलं ते एवढंच : नवा हुप्प्या फांद्या हलवत अंगावर धावून येतोय, कानफाटी नावाची वानरी (नाव मीच ठेवलेलं) पिल्लू पोटाशी दाबून कवेलूंवरून पळतेय, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लाच्या मांडीवर दातांची खूण आहे. तिसऱ्या दिवशी पिल्लू नव्हतं. वावरात आपण वानर बघतो ते हाकलायच्या घाईत. हातात गोफण असताना कोणतं पिल्लू कालपासून दिसत नाही हे कोण बघणार?

आता नराचा हिशेब मांडून बघा, म्हणजे वानरीचा कळेल. हुप्प्याला टोळी मिळते ती साधारण दोन वर्षांच्या आसपास, मग त्याच्याहून जोरकस कुणी येतो. वानरी पिल्लाला वर्षभर तरी पाजते आणि पाजत असेपर्यंत बहुधा पुन्हा गाभण राहत नाही. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू अंगावर असलेल्या वानरीसाठी नव्या नराला दहा-अकरा महिने थांबावं लागेल. नंतर गर्भ साडेसहा महिने, मग पुन्हा वर्षभर पाजणं. तोपर्यंत त्याचे दिवस संपलेले, आणि त्याचं स्वतःचं पिल्लू दुसऱ्या कुणाच्या तावडीत. पिल्लू गेलं तर तीच वानरी थोड्याच आठवड्यांत माजावर येते. हे क्रूर आहे. वाचताना तुम्हाला जसं झालं तसंच लिहिताना मलाही झालं होतं.

वानरी यात नुसती सोसत बसते असंच बराच काळ मानलं गेलं. 1871 साली डार्विनने मादीला लाजरी म्हटलं, 1948 साली बेटमन या जीवशास्त्रज्ञाने फळमाश्यांवर प्रयोग करून त्याला आकड्यांचा आधार दिला, आणि मग माकडांकडेही त्याच नजरेने पाहिलं गेलं. ही नजर बदलली ती एका साध्या शिस्तीने. केनियात अंबोसेलीच्या बबून माकडांवर काम करणाऱ्या जीन आल्टमन यांनी 1974 साली मांडलं की जे जनावर जास्त गोंगाट करतं त्याच्याकडे डोळे आपोआप जातात, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरवायची आणि ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडेच बघायचं, मग ते झोपलेलं का असेना. मी वहीत तेच करते. प्रत्येक वानरीला दहा मिनिटं. सुरुवातीला फार अवघड गेलं, हुप्प्या ओरडला की मान तिकडेच वळायची. महिनाभराने मला पहिल्यांदा नऊ वानरी नऊ वेगळ्या दिसू लागल्या.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर त्या वहीतच आहे. वानरीला नर हवा असतो तेव्हा ती त्याच्यासमोर पाठ करून मान थरथरा झटकते. तुम्हीही हे पाहिलं असेल, माशा बसल्या असतील असं वाटून सोडून दिलं असेल. लाल तोंडाच्या माकडिणीचं अंग त्या दिवसांत लाल होतं, वानरीचं तसं काहीच दिसत नाही, खूण ती एवढीच. नवा हुप्प्या आल्यानंतर आमच्याकडची एक वानरी अशीच मान झटकत त्याच्याकडे गेली. आणि चारच महिन्यांनी ती व्याली! गर्भ साडेसहा महिन्यांचा असतो, म्हणजे त्या दिवशी ती आधीच गाभण होती. पोटात जुन्या हुप्प्याचं पिल्लू. मग ती नव्याकडे कशाला गेली? अबूलाही गाभण वानरी नव्या नराकडे जाताना दिसल्या, टोळीबाहेरच्या नरांकडे जाणाऱ्याही दिसल्या, आणि हर्डी यांना हाच प्रश्न पडला. त्यांचं उत्तर असं : ज्या मादीशी आपला संग झाला तिच्या पिल्लावर नर सहसा हात टाकत नाही, म्हणून जितक्या नरांना ते पिल्लू आपलं असू शकेल असं वाटेल तितकं ते सुरक्षित. आमच्या त्या वानरीचं पिल्लू जगलं. एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही, पण ते जगलं हे लिहून ठेवायला मला फार बरं वाटलं.

काका, यात चाळे कुठे आहेत? लेकरू वाचवायची धडपड आहे. आणि पोरींना मी यातून काहीच शिकवत नाही. वानरीने केलं ते बाईने करावं किंवा करू नये, असा एकही शब्द मी लिहिलेला नाही. माणसाचं बरं-वाईट माणसांनीच ठरवायचं. पण एखादं खरं पोरींनी वाचलं तर बिघडेल म्हणून दडवायचं, हे मला मान्य नाही.

‘डावपेच’ या शब्दावर मात्र मी अडखळले. आपल्याकडे त्या शब्दाला कपटाचा वास येतो, हे तुमचं बरोबर आहे. मला म्हणायचं होतं ते वेगळं. वानरी बसून आकडेमोड करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वानरी अशा वागल्या त्यांची लेकरं जास्त जगली, म्हणून तसं वागणं टिकलं. यापुढे मी ‘तगण्याच्या रीती’ म्हणेन.

आणि हौदातली माकडीण. हौदात पाणी चढतं, नाकाशी येतं आणि ती पिल्लाला पायाखाली घेऊन त्यावर उभी राहते. लहानपणी शाळेत ऐकल्यापासून ही गोष्ट मला टोचत आली आहे. ती राजाच्या हौदातली आहे, बाहेर पडायला वाट न ठेवता रचलेली. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक पिल्लू विजेच्या तारेला चिकटून गेलं. त्याची आई ते मेलेलं पिल्लू चार दिवस घेऊन हिंडली. पाचव्या दिवशी तिने ते देवळाच्या ओट्यावर ठेवलं, तरी ती संध्याकाळपर्यंत दोनदा परत येऊन गेली. मेलेलं पिल्लू असं दिवसेंदिवस वागवणाऱ्या आया वानरांत आणि माकडांत कितीतरी ठिकाणी नोंदल्या आहेत. उलटही आहे : वारंवार हल्ले झाल्यावर पिल्लाची राखण सैल सोडणाऱ्या आयाही आहेत. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय त्या आईची गोष्ट पुरी होत नाही.

ती एकटी नसते हेही सांगायला हवं. अबूला पिल्लू हिसकावून घेणाऱ्या नराच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत म्हाताऱ्या वानरी पुढे होत्या, ज्यांना एरवी टोळीत फारसा मान नव्हता. वानरींमध्ये तरण्या वरचढ असतात आणि वय झालं की मान उतरतो. लाल तोंडाच्या माकडांत तसं नाही, तिथे लेकीला आईच्या खालोखाल जागा मिळते. पिल्लू जन्मलं की पहिल्याच दिवसापासून हातोहात फिरतं. काळं पिल्लू या मावशीकडून त्या मावशीकडे, आणि आई तेवढ्यात पोटभर खाऊन घेते. अजून व्यायल्या नसलेल्या पोरी सगळ्यात उतावीळ. कधी आपटतातही, मग आई ओढून घेते. माझी आजी म्हणायची, ‘वांदरीचं लेकरू साऱ्या टोळीचं असते.’ कापूस वेचायला गेल्यावर धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून तिच्याजवळ सात वर्षांची मोठी पोर बसवायची, अशा दिवसांत आजीने सहा लेकरं वाढवली. तिला ते झाडावर बघून ओळखू आलं असणार.

आता तुमच्या गावाचं. तूर माझीही जाते. गेल्या पौषात दीड एकरातल्या शेंगा दोन सकाळींत गेल्या, तेव्हा मीही धुऱ्यावर रडवेली होऊन उभी होते. पण हुप्प्या पकडून काय होईल ते बघा. टोळी हुप्प्याची नसतेच. नर वयात आले की बाहेर पडतात, वानरी जन्मभर राहतात. जागा, झाडं, तुमच्या वावराची वाट हे सगळं आईकडून लेकीकडे येतं. हुप्प्या गेला तरी शेंगा खाणारी तोंडं तिथेच राहतात आणि मोकळी जागा बघून बाहेरचा नर येतो. हा माझा अंदाज नाही. सुगियामांनी धारवाडकडे एका टोळीतला एकुलता नर मुद्दाम काढून पाहिला होता. शेजारच्या टोळीतला नर आला आणि पिल्लं बळी गेली.

वनविभागाच्या परवानगीशिवाय वानर पकडता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तो अर्ज करण्याआधी एक सकाळ माझ्यासाठी काढा. टोळी उन्हाला बसलेली असते तेव्हा गोफण घरी ठेवून जा आणि पोटाशी काळी पिल्लं किती ते मोजा. चार-पाच महिन्यांत ती भुरी होतात, पण अंगावर पितात त्याच्याही पुढे. निदान यंदाची पिल्लं सुटी होईपर्यंत तुमच्या हुप्प्याला तिथेच राहू द्या. तोवर राखणीचं काय करायचं ते आपण बोलू. आमच्याकडे आठ घरांनी पाळ्या लावून तूर राखली, ते कसं जमवलं आणि कुठे फसलं हे सगळं मी तुम्हाला सांगते.

आकडा मात्र कळवा. वहीत तुमच्या टोळीचं पान मी उघडून ठेवलं आहे.