मिरर असताना तीन दिवस कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या सर्व्हरची डिस्क गेल्याच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेत की, दोन डिस्कचा मिरर (तीच माहिती दोन्हींवर ठेवणारी जोडी) असताना सर्व्हर तीन दिवस बंद ठेवणे हा निव्वळ बाऊ होता. नवी डिस्क लावून रिबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून नवीवर सगळे उतरवणे) सुरू केले असते तर दोन तासांत काम आटोपले असते. आणि बॅकअप होताच, तेव्हा उरलेल्या डिस्कची आधी नक्कल काढत बसण्याचे कारण नव्हते. आक्षेप जाणत्या माणसाचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

दोन तासांचा हिशेब आधी उरकतो. डिस्क 4 टीबीची आहे. लिनक्समधल्या एमडीएडीएम या साधनाने बनवलेला मिरर फाइली ओळखत नाही, तो रिकामी जागासुद्धा निमूटपणे कॉपी करतो. सेकंदाला सरासरी 150 एमबी धरले तरी सुमारे साडेसात तास लागतात. झेडएफएस (फाइली ओळखणारी साठवणपद्धत) असते तर फक्त वापरलेली जागा कॉपी झाली असती; माझ्याकडे ते नाही.

पण वेळ ही गौण गोष्ट आहे. त्या साडेसात तासांत उरलेली एकमेव डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा लहानात लहान कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचली जाणार होती, आणि तिची प्रकृती मी आधी पाहिली होती. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एकाच दिवशी घेतलेल्या या दोन डिस्क एकाच पेटीत, एकाच उष्णतेत, तेवढेच तास फिरल्या होत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्टच्या तक्त्यात 197 क्रमांकापुढे, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांपुढे, 16 हा आकडा होता. एक भाऊ गेल्यावर दुसऱ्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करावे असे मला वाटले नाही.

आता बॅकअपचे. डिस्कला हात लावण्यापूर्वी मी बॅकअपची डिस्क लॅपटॉपला जोडून आत डोकावलो. फोटो व कागदपत्रे जागेवर होती. नेक्स्टक्लाऊड या घरच्या सर्व्हरवरच्या क्लाऊड सेवेच्या डेटाबेसचा रोजचा डंपही (एका फाइलीत उतरवलेली प्रतही) रोजच्या तारखेने होता. फक्त फेब्रुवारीपर्यंत तो 38 एमबीचा होता आणि त्यानंतरची प्रत्येक फाइल बरोबर 20 बाइटची. 20 बाइट म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या, पण काहीही न मिळालेल्या जीझिपने बांधलेले रिकामे गाठोडे. फेब्रुवारीत मी मारियाडीबी या डेटाबेस प्रोग्रामचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये तो बदलायला विसरलो. डंप रोज फसत होता. पण पाइपमध्ये, म्हणजे एकीचा निकाल पुढचीला देणाऱ्या आज्ञांच्या साखळीत, शेवटी जीझिप असल्यामुळे स्क्रिप्टला निकाल त्याचाच कळत होता, आणि जीझिपचे काम तर चोख झालेले असायचे. बॅकअप घेणाऱ्या रेस्टिकची पडताळणीही मी दरमहा करत असे. ती दरमहा उत्तीर्ण होई, कारण त्या रिकाम्या फाइली रेस्टिकने इमानेइतबारे जशाच्या तशा जपल्या होत्या.

नेक्स्टक्लाऊडमध्ये कॅलेंडर आणि संपर्क फाइलींत नसतात, डेटाबेसमध्ये असतात. आईच्या तपासण्यांच्या पाच महिन्यांच्या तारखा जगात एकाच ठिकाणी होत्या, त्या 16 सेक्टरवाल्या डिस्कवर. अशा वेळी आपण सरळ रिबिल्ड केले असते का, हा प्रश्न मी उलट विचारतो.

म्हणून डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कसाठीच्या प्रोग्रामने नक्कल काढली. ते दुखऱ्या जागी हटून बसत नाही; आधी सुखाने वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. काय झाले, काय राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते. या नोंदीचे मोल दुसऱ्या रात्री कळले. जुलैचा पाऊस, दोनच्या सुमारास लाइट गेली, यूपीएसने वीस मिनिटे तग धरला आणि मी सगळे शांतपणे बंद केले. सकाळी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. रिबिल्डही असे थांबून पुढे चालू शकते हे मला मान्य आहे, पण त्यात घासली जाणारी डिस्क हीच एकमेव प्रत असते.

शेवटी 40 केबी वाचता आले नाहीत. डीबगएफएस या डिस्कवरची फाइलरचना तपासणाऱ्या साधनाने त्या ब्लॉकवरून फाइलीचे नाव शोधले, तर तो जोतिबाच्या चैत्र यात्रेचा एक व्हिडिओ निघाला. तो रेस्टिकमधून परत आला. डेटाबेसची फोल्डर नक्कलेतून काढून मारियाडीबीच्या त्याच आवृत्तीवर उघडली, आणि पहिल्या झटक्यात नीट डंप घेतला: 41 एमबी. तीन दिवसांपैकी बहुतेक वेळ यंत्राने घेतला. मी नोकरीवरच होतो.

गडहिंग्लजला बहिणीकडे तिसरी प्रत ठेवणे आपल्याला हौस वाटते. आमचे घर शाहूपुरीत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कुंभार गल्लीत पाणी शिरले तेव्हा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती. ते कपाट आम्ही दोघांनी जिन्याने वर नेले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि दर पावसाळ्यात आमच्याकडे तो आकडा भावाच्या लग्नाच्या तारखेसारखा तोंडपाठ असतो. ही हौस मी सोडणार नाही.

एका बाबतीत मात्र आपले म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. लेखात मी घाबरल्याचे रंगवून लिहिले आणि चूक माझी होती हे एका ओळीत उरकले, त्यामुळे वाचकाचा समज डिस्कनेच दगा दिला असा होतो. स्क्रिप्टमध्ये आता पाइपफेल (साखळीतली कोणतीही आज्ञा फसली तरी अपयश कळवणारी सोय) लावले आहे, आणि डंप 1 एमबीपेक्षा लहान निघाल्यास फोनवर संदेश येतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डंप जुन्या लॅपटॉपवर चढवून कॅलेंडर उघडून पाहतो. हे सारे लेखात जोडले आहे, आणि 'माझ्याकडे दोन बॅकअप होते' हे वाक्य खोडून तिथे 'दीड' केले आहे.