‘विंडोज खंयच दिसना’: देवगडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि अर्ध्याहून जास्त बरोबर आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. विंडोजशेजारी लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्यावरचा इथला लेख वाचून या वाचकांनी तो प्रयोग दोन मशीनवर केला. एक विंडोज ११ चा लॅपटॉप, दुसरा दुकानातला विंडोज १० चा डेस्कटॉप, ज्यावर पत्रिकांचं डीटीपी आणि आंब्याची बिलं चालतात. लॅपटॉपवर १८० जीबी मोकळे असूनही विंडोजने फक्त २४ जीबी काढून दिले. मिंट त्यातच बसवल्यावर सुरुवातीच्या यादीत ‘विंडोज खंयच दिसना’, आणि एफ१२ दाबून (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी उघडून) शोधलं तर निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. डेस्कटॉपवर मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘सिक्युअर बूट आधी बंद करा हे लेखात का नाही? ते मला व्हिडिओत सापडलं. आणि हा सगळा व्याप करण्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स काय वाईट?’

लेखाची चूक आधी मान्य करतो. विंडोजमध्ये करायची तयारी तिथे एका ओळीत उरकली होती, आणि तीही पेनड्राइव्ह बनवण्याच्या नंतर. प्रत्यक्षात या कामातलं अवघड ते सगळं विंडोजमध्येच असतं. मिंटचा इन्स्टॉलर वीस-पंचवीस मिनिटांत मोकळा होतो. ‘अर्ध्या तासात होतं’ हे वाक्य त्याच्यापुरतं खरं होतं. तयारीचे दोन तास त्यात धरायला हवे होते. लेख तसा बदलला आहे.

पण सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला प्रोग्राम सुरुवातीला चालू न देणारी सोय, बंद करायचा सल्ला लेखात नाही तो मुद्दामच. तुमचा निळा पडदा त्याच व्हिडिओतून आला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मिंट, उबुंटू, फेडोरा यांच्या बूटलोडरवर (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामवर) मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही ते बसतात. आता विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येत नाही. होम आवृत्तीत त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, प्रोमध्ये बिटलॉकर. तिचं कुलूप मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपकडे असतं. मशीन नेहमीच्याच पद्धतीने सुरू होतंय ना, हे ती चिप दर वेळी पडताळते आणि मगच कुलूप उघडते. सिक्युअर बूट बंद केला की ती पडताळणी जुळत नाही, म्हणून ती मालकाकडे किल्ली मागते. काही बिघडलेलं नाही, दारावरचा राखणदार ओळख विचारतोय इतकंच.

तेव्हा पहिलं काम: बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट परत चालू करा आणि एफ१२ च्या यादीतून थेट ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच विंडोज किल्ली न मागता उघडतं. तरीही मागितली, तर मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून रिकव्हरी किल्ल्यांची यादी बघा. निळ्या पडद्यावर ‘की आयडी’ दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या ज्या नोंदीशी जुळतात, तीच किल्ली तुमची. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःचं खातं घातलं असेल तर किल्ली त्यांच्या खात्यात असते. लोक नेमके इथेच अडकतात.

हेच आधी करायचं झालं तर: सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघायचं, असेल तर किल्ली कागदावर उतरवायची, आणि मग एन्क्रिप्शन पूर्ण बंद करायचं. डिस्क उलगडायला तासभर किंवा जास्तही लागतो, तेवढा वेळ लॅपटॉप चार्जरला लावलेलाच हवा. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये लोकांचे आधार, पॅन असले कागद आहेत त्यांनी बंद न करता फक्त काही काळ स्थगित करावं आणि मिंट बसल्यावर पुन्हा चालू करावं. एन्क्रिप्शन ठेवलं तर पुढेही विंडोज ग्रबमधून (मिंटच्या सुरुवातीच्या यादीतून) न उघडता एफ१२ मधूनच उघडा, नाहीतर तो राखणदार पुन्हा आडवा येऊ शकतो. एफ१२ ऐवजी काही कंपन्यांच्या मशीनवर एफ९ किंवा एस्केप असतं.

यादीत विंडोज न दिसणं हा वेगळा प्रश्न. ती यादी ग्रब बनवतो, आणि दुसऱ्या सिस्टीम शोधायचं काम ओएस-प्रोबर नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे असतं. ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद ठेवलेला आहे. लिनक्सची काही वितरणं (मिंट, उबुंटूसारखे प्रकार) तो परत चालू करून देतात, काही नाही. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट या उपफोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या नावाच्या पुढे ‘फॉल्स’ असायला हवं (मूळ नाव रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ). ते करून टर्मिनलमध्ये सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) अपडेट-ग्रब चालवा. एफ१२ मध्ये विंडोज दिसतंय म्हणजे त्याचा बूटलोडर शाबूत आहे. याचाच अर्थ तुम्ही ईएफआय पार्टिशन (डिस्कचा बूटलोडर ठेवलेला छोटा भाग) फॉरमॅट केलं नाहीत, आणि खरा घात तिथेच होतो. विंडोजने बनवलेलं ते साधारण १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन दोन्ही सिस्टीम मिळून वापरतात. इन्स्टॉलरमध्ये ते निवडायचं, पण ‘फॉरमॅट’ची खूण त्याच्यापुढे कधीही करायची नाही. पेनड्राइव्हही ‘यूईएफआय’ असं लिहिलेल्या नोंदीवरूनच सुरू करा. जुन्या डेस्कटॉपवर तोच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, आणि चुकीच्या नोंदीवरून बसवलेलं लिनक्स आणि विंडोज मग एकमेकांना ओळखत नाहीत.

आता १८० मधले फक्त २४ जीबी का? डिस्क मॅनेजमेंट पार्टिशन शेवटाकडून कापतं. शेवटाजवळ न हलणारी एखादी फाइल बसली असेल तर कात्री तिथेच थांबते, अलीकडे कितीही जागा रिकामी असो. या हटवादी फाइली म्हणजे बहुतेक वेळा हायबरनेशनची (झोपताना रॅममधलं सगळं साठवणारी), पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची) आणि सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती. क्रम असा ठेवा: हायबरनेशन बंद, सी ड्राइव्हचं सिस्टीम प्रोटेक्शन बंद, पेजफाइल ‘नाही’, मग रीस्टार्ट, मग ‘श्रिंक व्हॉल्यूम’. तरी अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन नोंदींमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. कुठल्या फाइलने अडवलं तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. जागा काढून झाली की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका. मिंटसाठी ६० जीबी काढा. तिथे आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणून ६१४४०. २४ जीबीत मिंट बसतं खरं, पण अपडेट आणि जुने कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या प्रती) साठत गेले की काही महिन्यांत श्वास घ्यायला जागा उरत नाही. काढलेली जागा ‘अनॲलोकेटेड’च ठेवा, विंडोजमध्ये तिचा नवा ड्राइव्ह करू नका.

हे काम इन्स्टॉलरच्या सरकपट्टीवर सोडू नका, असं म्हणण्यामागे एक कोकणातलं कारणही आहे. पार्टिशन लहान होत असताना डेटा इकडचा तिकडे हलतो, आणि नेमकी त्या वेळी लाईट गेली तर विंडोज आणि त्यातला डेटा दोन्ही जाऊ शकतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, ते तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू दे. डेस्कटॉप यूपीएसवर असेल तरच हात लावा, आणि ज्याची बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते त्या यूपीएसला यूपीएस समजू नका. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर हवा, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर नव्हे.

डी ड्राइव्हवर सेव्ह होत नाही याचं कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःची अर्धी स्थिती डिस्कवर लिहून झोपतं, आणि डी ड्राइव्ह त्याच्या लेखी उघडाच राहतो. लिनक्सला हे कळतं, म्हणून ते फक्त वाचू देतं. जबरदस्तीने लिहायला लावलं तर जागं झालेलं विंडोज जुन्याच माहितीवर काम करतं आणि फाइली खराब होतात. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज खरोखर बंद होतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एकदा शट डाउन करून मिंट सुरू केलं की सेव्ह होईल. हायबरनेशनच बंद केलं तर हे वेगळं करावं लागत नाही. विंडोजचं एखादं मोठं अपडेट झाल्यावर मात्र ही खूण परत आली नाही ना, ते बघत जा.

घड्याळाचं सोपं आहे. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स ग्रीनिचची, म्हणून फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी आणि १ जोडून चालवा. लिनक्सवाल्यांना हा तोडगा आवडत नाही. दुकानातल्या मशीनवर त्याने काही बिघडत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सबद्दल (विंडोजच्या आतच खिडकीत दुसरी सिस्टीम चालवणारा प्रोग्राम): नुसत्या आज्ञा शिकायच्या असतील तर तुमचं म्हणणं मान्य. पण ४ जीबी रॅमवर दोन सिस्टीम एकदम चालवणं म्हणजे एकाच बैलाला दोन नांगर. शिवाय तुमचं वायफाय, प्रिंटर आणि टचपॅड लिनक्सवर चालतात का, हे त्यात कळतच नाही. ते कळतं पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवल्यावर, आणि त्याला डिस्कवर काहीही लिहावं लागत नाही. वायफाय मिळालं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, ते सहसा लगेच चालतं. डीटीपीच्या दुकानांत ठिकठिकाणी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर त्रास देतो, त्याची छपाई विंडोजमधूनच करा. मराठी टायपिंगची श्रीलिपी आणि हिशेबाची टॅली विंडोजमध्येच राहणार असल्याने तुमच्या दुकानात विंडोज पुसायचा प्रश्नच येत नाही. फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आहे, म्हणून डेस्कटॉपवर निदान इंटरनेट आणि बँकेची कामं मिंटमधून करणं शहाणपणाचं.

जाता जाता, मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन दिवस. टॉरेंटने उतरवा, नेटवर्क तुटलं तरी राहिलेलं तिथूनच सुरू होतं आणि प्रत्येक तुकड्याची तपासणीही होते. पेनड्राइव्हच्या आणि पोर्टच्या धातूच्या पट्ट्या खाऱ्या हवेने काळवंडल्या असतील तर इन्स्टॉलर मध्येच अडकतो आणि लोक लिनक्सला शिव्या देतात.

लॅपटॉपचा सिक्युअर बूट परत चालू केल्यावर काय झालं ते इथेच कळवा. एफ१२ मध्ये विंडोज बूट मॅनेजर आहे, पण किल्ली कुणाच्याच खात्यात नाही, असं निघालं तर काहीही फॉरमॅट करण्याआधी लिहा. लॅपटॉप आधी कुठल्या ऑफिसच्या किंवा शाळेच्या खात्यावर होता का, तेही सांगा. किल्ली कधी कधी तिकडे सापडते.