न्यूट्रल कुणाला सापडलं तर कळवा

साताऱ्याच्या मोती चौकात मोटरसायकल थांबवली की माझा डावा पाय नाचायला लागतो. पहिला, दुसरा, परत पहिला, आणि ह्यातच कुठंतरी न्यूट्रल असतं असं नुसतं ऐकून आहे. न्यूट्रलचा हिरवा दिवा एकदा मिचकतो आणि गायब. क्लच पार मुठीपर्यंत दाबलेला, तरी गाडी आपली पुढं सरकतीये, मागं रिक्षावाला हॉर्नवर बसलेला. परवा सरकत सरकत चाक एका पेढ्याच्या दुकानाच्या पायरीला टेकलं तर मालक आतनं म्हणाले, "या की! कंदी किती देऊ?" आता काय सांगणार, अर्धा किलो घेतले.

गाडी वडिलांची, १९९८ ची, शंभर सीसी, चार गिअर. मीपण ९८ चाच. आई म्हणते दोघं एकाच वर्षी घरात आलात, पण गाडीनं कधी त्रास दिला नाही.

मग गल्लीत निदान सुरू झालं. शेजारचे काका लांबूनच आवाज ऐकून म्हणाले गिअरबॉक्स गेला, इंजिन उतरवायला लागतंय. (काकांनी आयुष्यात सायकलच चालवलीये, पण ते असो.) मी मोबाइलवर बघितलं, क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, पाहिजे, माझ्या लिव्हरला एवढा होता की टॉवेल वाळत घालता आला असता. सापडलं की! वायर ताणून ताणून ढिली पडलीये, म्हणून क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून न्यूट्रल लागत नाही. पाना घेतला आणि वायर अशी आवळली की प्ले शून्य, उगाच परत परत कोण करत बसणार. लगे हात ऑइलपण बदलून टाकलं, मेव्हण्याकडं एक डबा पडूनच होता.

न्यूट्रल लागलं! त्याच खुशीत रविवारी बायकोला म्हणलं चल, कासला फुलं बघू. समर्थ मंदिर झालं, यवतेश्वरचा घाट लागला आणि गाडीनं भलतंच नाटक सुरू केलं, रेस वाढवली की इंजिन बोंबलतंय पण गाडी काही उचलत नाही, आवाज ऐंशीचा आणि स्पीड वरातीचा. वर जळका वास. बायको उतरून चालायला लागली आणि, खरं सांगतो, माझ्या पुढं गेली. फुलं त्या वर्षी फेसबुकवर बघितली.

सोमवारी गोडोलीत मिस्त्रीकडं. त्यांनी ऑइल दोन बोटांवर घेऊन चोळलं.

"हे कुठलं?"

"मेव्हण्याचं."

"मेव्हण्याची गाडी कुठली?"

"चारचाकी."

मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फक्त चहावाल्याला हाक मारून एक कप वाढवायला सांगितला. मग खोलता खोलता शिकवणी झाली, की चारचाकीचा क्लच बहुतेक कोरडा असतो, आपल्या गाडीच्या प्लेटा त्याच इंजिन ऑइलमध्ये भिजत असतात, म्हणून डब्यावर जासो एमए (असा भिजता क्लच असलेल्या दुचाकीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्यायचं, त्या चारचाकीच्या ऑइलनं प्लेटा घसरू शकतात. त्यात वायरला प्लेच ठेवला नाही म्हणजे मूठ सोडली तरी क्लच अर्धा दाबलेलाच. स्टील प्लेटा बाहेर काढल्या तर निळ्या पडलेल्या. "ह्या तुम्ही घाटात भाजल्या," म्हणाले. वांगी भाजावीत तसं.

"आन् मूळ दुखणं हे बघा." क्लच हौसिंगच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, बोटांवर खाचा पडलेल्या, नख अडकेल एवढ्या. लिव्हर दाबला तरी प्लेटा त्या खाचांत अडकून बसायच्या, एकमेकींना सोडायच्याच नाहीत, मग न्यूट्रल लागणार कसं. नवीन हौसिंग, ऑइलमध्ये बुडवून ठेवलेल्या नवीन प्लेटा, नवीन वायर आणि लिव्हरला बोटाच्या जाडीएवढा प्ले. बिलाचा आकडा इथं देत नाही, बायको वाचते.

येताना मुद्दाम मोती चौकातनं आलो. थांबलो, टाचेनं नुसतं टेकवलं आणि हिरवा दिवा. लागला तो लागलाच. मी त्याच्याकडं बघतच बसलो तर मागनं हॉर्न, तोच रिक्षावाला असणार.

घरी येऊन वडिलांना सगळं रामायण सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"थांबल्यावर लागत नाही ते. गाडी हलती असतानाच काढून घ्यायचं. पाच-सहा वर्षं तसंच चाललंय की."

"अहो मग सांगायचं नाही का!"

"तू विचारलंस कवा?"