केमो, ताक आणि गंगावेशचं धारोष्ण दूध

गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘केमोने पोटातले चांगले जंतू मरतात, म्हणून जुलाब होतात. रोज धारोष्ण दूध, ताक आणि प्रोबायोटिक कॅप्सूल घ्या, साइड इफेक्ट शून्य!’ आमच्या काकूंची केमो चालू आहे. काका मेसेज वाचून किटली घेऊन निघालेच होते कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावर. त्यांना दारात अडवून जे बोललो, तेच इथे लिहितो.

‘जंतू मरतात म्हणून जुलाब’ हे अर्धंच खरं. कधी कधी जिवंत जंतूच जुलाब लावतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकॅन हे केमोचं औषध बघा. शरीरात त्याचं एसएन-३८ हे जहाल रूप तयार होतं, आणि कॅन्सरच्या पेशी मारतं ते हेच. पुढे यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची गाठ मारून थंड करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले आपले नेहमीचे, निरुपद्रवी भाडेकरू जंतू पोटासाठी ती गाठ सोडतात. त्यांना खाऊ मिळतो, आपल्याला मोकळं झालेलं विष. आतड्याचं अस्तर सोलवटतं. २०१० साली उंदरांवर एक प्रयोग झाला: जंतूंना न मारता फक्त गाठ सोडणारं त्यांचं एन्झाइम बंद पाडलं, तर जुलाब आटोक्यात आले. आता यांना चांगले म्हणायचं की वाईट?

जपानात १९९३ साली तर याहून वाईट घडलं. नागिणीवरचं सोरिव्हुडीन हे औषध आतड्यातल्या जंतूंनी बदललं. त्या बदललेल्या रूपाने ५-फ्लुरोयुरासिल ही केमो शरीरात मोडली जाणंच थांबवलं, आणि ती साठत गेली. किमान १५ रुग्ण दगावले.

धारोष्ण दूध हा कोल्हापूरकराचा जीव की प्राण, मीही पितो. पण डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आतड्याची भिंतही सोललेली असते. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला किंवा लिस्टेरिया हा रोगजंतू अशा वेळी थेट रक्तात शिरू शकतो. उकळलेलं प्या की.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जंतू भरलेल्या, कॅप्सूलचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. ओटीपोटाला रेडिएशन चालू असताना काही लॅक्टोबॅसिलस जंतूंनी जुलाब कमी होतात, हे मान्य. उलट इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारे उपचार) घेणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांत, २०२१ च्या अभ्यासात, भरपूर चोथा खाणाऱ्यांचं बरं चाललं, प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांच्या रक्तात कॅप्सूलमधलेच जंतू सापडल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे मेडिकलवाल्याला नाही, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. पेशी खाली असताना ताकाचंही तेच.

‘साइड इफेक्ट शून्य’वर काय बोलायचं! डॉक्टरांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्यात त्या घ्यायच्या, आणि १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्री दोनलाही हॉस्पिटल गाठायचं.

काका ऐकून कट्ट्यावर गेलेच. आपला ग्लास तिथेच रिचवला, काकूंचं किटलीतून आणलं आणि चांगल्या तीन उकळ्या येईपर्यंत गॅसपाशी उभे राहिले.