एमव्हीपीला मत देताना घ्यायची काळजी

परवा कामावर जाताना एक अमेरिकन पॉडकास्ट ऐकत होतो. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या एमव्हीपीसाठी, म्हणजे सीझनमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारासाठी, ज्या शंभरेक पत्रकार-समालोचकांना मत असतं, त्यांतले एक महाशय सांगत होते की दरवर्षी त्याच माणसाचं नाव वर लिहायचं म्हणजे जीव विटतो. सोबतचे दोघे खो-खो हसले. मला हसू आलं नाही, पण ज्ञान मात्र भरपूर मिळालं. ती मतपत्रिका उद्या तुमच्या हाती पडलीच (पडणार नाही, पण पहाटे साडेपाचला उठून मॅच बघणाऱ्याने आशा का सोडावी?) तर गडबडू नका. पुढचं वाचून ठेवा.

आधी नाव ठरवा, मग निकष शोधा. उलट केलंत तर फसाल. 2006 साली कोबे ब्रायंटने सामन्यामागे 35.4 गुण काढले, जानेवारीत टोरांटोविरुद्ध एकट्याने 81 ठोकले. तरी मतदानात तो चौथा. का, तर त्याचा संघ लेकर्स 45च सामने जिंकला. एमव्हीपी कसा, संघाला वर नेणारा हवा! 2017 साली रसेल वेस्टब्रुकने सीझनभर ट्रिपल-डबलची (गुण, रिबाउंड, असिस्ट असं तिन्हींत दोन आकडी) सरासरी राखली आणि एमव्हीपी झाला. त्याचा संघ किती जिंकला? 47. तेव्हा ध्यानात ठेवा, 45 जिंकले तर माणूस स्वार्थी, 47 जिंकले तर इतिहास घडला.

शक्यतो एकटे पडा. 2000 साली शकील ओनीलला 121पैकी 120 पहिल्या पसंतीची मतं मिळाली. उरलेलं एक फ्रेड हिकमन यांनी ॲलन आयव्हरसनला दिलं. 2013 साली लेब्रॉन जेम्सला पुन्हा 121पैकी 120, आणि उरलेलं एक गॅरी वॉशबर्न यांचं, कार्मेलो अँथनीला. वॉशबर्न यांनी निदान स्वतःच्या नावाने लेख लिहून कारण तरी दिलं. एकमताने निवडून यायला मग 2016चा स्टेफ करी उजाडावा लागला. हिकमन-वॉशबर्न सोडून बाकीच्या 120 जणांची नावं कुणाला आठवतात का? नाही ना? मग?

तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्या खेळाडूला मतपत्रिकेवरच्या पाच नावांत चौथा टाका. पाचवा नको, लोकांच्या लक्षात येतं.

संघांच्या पगारी समालोचकांना 2017पासून मतदानातून वगळलंय, त्यामुळे गाववाल्याला मत देण्याची जबाबदारी आता तुमच्यावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंटाळा. तो जपा, वाढवा. मायकेल जॉर्डनला सलग दोनदा दिलं, आता तिसऱ्यांदा कशाला? म्हणून 1993 साली चार्ल्स बार्कली. 1997 साली जॉर्डनचे बुल्स 69 सामने जिंकले, पण मागच्याच वर्षी त्याला दिलेलं, मग कार्ल मलोन. पुढे फायनलमध्ये हेच दोघे समोरासमोर. पहिलीच मॅच, बरोबरी, शेवटचे काही सेकंद. मलोनचे दोन्ही फ्री-थ्रो हुकले आणि जॉर्डनने घंटा होता-होता बास्केट मारून मॅच नेली. 2010च्या उन्हाळ्यात लेब्रॉनने टीव्हीवर कार्यक्रम करून संघ बदलला, लोक चिडले, आणि पुढच्या मतदानात गडी थेट तिसरा. त्याचा खेळ बिघडला होता? मुळीच नाही. त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन पुरस्कार त्याचेच. मधलं एक वर्ष तेवढं तुमच्या नाकाला मिरची झोंबली होती! आणि 2023 तर कळसच. डेन्व्हरच्या निकोला योकिचला लागोपाठ दोनदा दिलेलं. तिसऱ्यांदा दिलं तर तो सलग तीनदा मिळवणाऱ्या बिल रसेल, विल्ट चेंबरलेन आणि लॅरी बर्डच्या रांगेत जाणार. मग स्टुडिओत चर्चा काय, तर याने अजून एक तरी चॅम्पियनशिप जिंकलीय का? अहो, पुरस्कार रेग्युलर सीझनचा ना? त्यानंतरच्या प्लेऑफचा, म्हणजे बाद फेऱ्यांचा हिशोब त्यात कुठून घुसला? ज्याला दिलात तो फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड वाईट खेळला असं मी म्हणत नाही, 33.1 गुणांची सरासरी म्हणजे काही खायचं काम नाही. पण त्याचा खेळ पुरेसा होता, तर हा प्लेऑफचा कांगावा कशासाठी? मे महिन्यात पुरस्कार एम्बीडला, त्याच महिन्यात फिलाडेल्फिया दुसऱ्या फेरीत घरी, आणि जूनमध्ये डेन्व्हर चॅम्पियन, फायनल्सचा एमव्हीपी योकिच. पुढच्या वर्षी त्यालाच तिसरा एमव्हीपी दिलात! तोवर कंटाळा उतरला होता वाटतं.

हसण्यावारी नेऊ नका, यात लोकांचे पैसे अडकलेत. खेळाडूच्या कराराची कमाल मर्यादा ऑल-एनबीए संघात (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचे कागदावरचे तीन संघ) नाव आहे की नाही यावरही ठरते, आणि ते संघ निवडता तुम्हीच. 2021 साली जेसन टेटम तिन्ही संघांत बसला नाही आणि पाच वर्षांच्या करारातले सुमारे 3.2 कोटी डॉलर गेले. ती निवड खोटी होती असा माझा आरोप नाही. पण एवढं ज्या कागदावर ठरतं, तो कागद भरताना तुम्ही ‘जीव विटतो’ म्हणून हसता? लाज वाटत नाही?

1980पर्यंत हे मत खेळाडूच देत. तेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. 1962 साली चेंबरलेनने सामन्यामागे 50.4 गुण करूनही त्यांनी रसेलला निवडलं. पण त्यांना निदान समोरच्याचा मार खावा लागत होता. तुम्हाला काय करायचंय? फुकटात कोर्टाजवळ बसून खेळ बघायचा, त्याचा पगार घ्यायचा आणि वर्षातून एकदा पाच नावं प्रामाणिकपणे लिहायची. तुमचा मूड, तुमचा राग, तुमचं वेगळेपण कुणी विचारलं नव्हतं. तेवढंही जमत नसेल तर मतपत्रिका परत करा. न्यूयॉर्क टाइम्स आपल्या बातमीदारांना असल्या मतदानात भागच घेऊ देत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.