मिल्नरला कुठेही खेळवा

जून २०२५ मध्ये भारत लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर इंग्लंडविरुद्धची कसोटी हरला, तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे. कुलदीपला बाहेर बसवून शार्दूलसारखे अष्टपैलू कशाला भरता? एक ना धड, भाराभर चिंध्या! कुलदीपचं मलाही पटतं, मालिकेतल्या पाचपैकी एकही कसोटी त्याला दिली नाही. पण तिथून गाडी 'अष्टपैलू म्हणजे कशातच धड नसलेला माणूस' या सिद्धांतावर आली की माझं डोकं फिरतं. त्याच मालिकेतली मँचेस्टरची कसोटी वाचवली कोणी? जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर, दोघांची नाबाद शतकं. ते सोयीस्कर विसरायचं.

मी लीड्सला राहतो. फुटबॉलपटू जेम्स मिल्नर इथल्या वर्टलीचा पोरगा. २००२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लीड्स युनायटेडच्या पहिल्या संघात आला आणि बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, संडरलंडविरुद्ध गोल करून प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेत गोल करणारा तोवरचा सर्वांत कमी वयाचा खेळाडू ठरला. क्लब कर्जात बुडाला, २००४ मध्ये खालच्या विभागात घसरला, मिल्नर न्यूकॅसलला विकला गेला. पुढे अ‍ॅस्टन व्हिला, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, ब्रायटन. सुरुवात विंगवर, मग मधली फळी, सिटीत अडचण आली तेव्हा सेंटर फॉरवर्डसुद्धा. २०१६-१७ चा जवळजवळ अख्खा हंगाम लिव्हरपूलचा प्रशिक्षक क्लॉपने त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळवलं, आणि गडी उजव्या पायाचा!

७ मे २०१९, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफील्ड. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना लिव्हरपूल बार्सिलोनात ३-० हरून आलेलं. मध्यंतराला लेफ्ट बॅक रॉबर्टसन जखमी होऊन बाहेर गेला. मिल्नर मधल्या फळीतून निमूट लेफ्ट बॅकला गेला, म्हणून बाकावरच्या वाइनाल्डमला मधल्या फळीत आणता आलं, आणि त्याने दोन-तीन मिनिटांत दोन गोल ठोकले. सामना ४-०, दोन्ही मिळून ४-३, लिव्हरपूल अंतिम फेरीत. शिट्टी झाली तेव्हा मिल्नर रडत होता. वाइनाल्डमचं नाव ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे. त्याला जागा कोणी करून दिली, ते एकालाही आठवलं नाही.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागायच्या आत पोराच्या कपाळावर शाखा लिहून मोकळे होतात. इथे अशा माणसाची कदर आहे, इंग्लंडने त्याला ६१ सामने खेळवलं.

मला हे एवढं झोंबतं, त्याला कारण आहे. इथे आल्यापासून जिथे माणूस कमी तिथे मी उभा राहिलोय. ऑफिसात कुणी रजेवर गेलं की त्याचं टेबल माझं. रविवारी पोरांच्या मॅचला लाइन्समन, गणपतीत स्पीकरच्या वायरींपासून आरतीपर्यंत सगळं. लोकांना मी हवा असतो, पण माझी म्हणून ठरलेली जागा इथे झाली नाही, आणि गावाकडची होती ती भरून गेली. आईच्या दुखण्यात डॉक्टरांशी धाकटा भाऊ बोलतो, मी फोनवर ऐकतो. 'ना धड इकडचा, ना धड तिकडचा' हे ग्रुपवर शार्दूलला म्हटलेलं असतं, मला समजतं. तरी लागतं.

गुडघ्याने मिल्नरचा २०२४-२५ चा बहुतेक हंगाम खाल्ला. संपला, असंच सगळे धरून चालले होते. ३१ ऑगस्ट २०२५ ला एकोणचाळिसाव्या वर्षी तो ब्रायटनकडून बदली म्हणून उतरला, जुन्या सिटीविरुद्ध पेनल्टी मारून बरोबरी केली, आणि सामना ब्रायटनने जिंकला. आता ग्रुपवरच्या जाणकारांनी सांगावं, याची खरी जागा कुठली?