नकाशावर जोडलेलं, प्रत्यक्षात टॅक्सीने

१४० युरो! इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत कोल्फोस्को ते सेल्वा, टॅक्सीचे. मध्ये एक खिंड आणि पलीकडे आमचं भाड्याचं घर. सकाळी त्याच घरापासून स्की लावून निघालो आणि संध्याकाळी त्याच घरी स्की टॅक्सीच्या मागच्या पेटीत टाकून आलो. खिशात माणशी दिवसाला ८० युरोंहून जास्त मोजून घेतलेला लिफ्टचा पास. त्यावर बारा स्की प्रदेश, १२०० किलोमीटरचे उतार. मला १२०० नको होते हो. मला फक्त घरी जायचं होतं.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. लेक थर्मल्स न काढताच झोपलीय. तिचे बूट उघडे करून हीटरपाशी ठेवलेत, घरभर ओल्या मोज्यांचा वास सुटलाय, आणि माझा संताप तसूभरही उतरलेला नाही.

आज सेलारोंडा, म्हणजे सेला डोंगराभोवतीची स्कीवरची प्रदक्षिणा, करायची ठरवली होती. नारिंगी बाणांनी, घड्याळाच्या दिशेने. चार खिंडी, चाळीसेक किलोमीटरचा फेरा, त्यातले सव्वीसेक स्कीवर आणि बाकी लिफ्टमध्ये. दहाच्या आत निघा, साडेतीनच्या आत शेवटची खिंड ओलांडा, हे जिथे तिथे बजावलेलं असतं आणि आम्ही ते अक्षरशः पाळलं. सव्वानऊला पहिल्या गोंडोलात होतो. आम्ही तिघं, माझी मैत्रीण आणि तिचा मुलगा. गार्देना खिंड, कोल्फोस्को, कोर्वारा, काम्पोलोंगो, सगळं वेळेत. जेवायलाही कुठे टेकलो नाही, तिखटमिठाच्या पुऱ्या चेअरलिफ्टवरच खाल्ल्या. पावणेदोनला अराब्बात उतरलो. निम्मा फेरा झाला होता, पोरं खुशीत होती.

आणि मग ती रांग.

फाशिंगच्या, म्हणजे जर्मन कार्निव्हलच्या सुट्टीचा आठवडा, अर्धं म्युनिक ब्रेनर खिंड ओलांडून इथे आलेलं, तेव्हा रांग असणारच. त्याची तयारी होती. रांगेत मागचा माणूस सतत तुमच्या स्कीवर स्की चढवतो, शेजारचा काठीचं टोक तुमच्या बुटात खुपसतो, चार जणांचं कुटुंब ‘आमचे पुढे आहेत’ म्हणत बाजूने घुसतं, हेही अंगवळणी पडलंय. तरी स्कीवर चढणाऱ्यांना मी माफ करत नाही. आज एकाला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा मागे वळून नुसतं बघितलं, मग सरकला. तर ते असो. पन्नास मिनिटं आम्ही त्या रांगेत इंच इंच सरकलो. पावणेदोन ते दोन पस्तीस. फोनवर दर पाच मिनिटांनी बघत होते, ती लिफ्ट हिरवी. सुरू. मागून माणसं येतच होती, पासाचं गेट टुंग करून प्रत्येकाला आत घेत होतं.

दोन पस्तीसला भोंग्यावर घोषणा. आधी इटालियनमध्ये, मग जर्मनमध्ये. वाऱ्यामुळे बंद. पलीकडच्या बाजूला नेणारं सगळंच बंद.

मी काठ्या काखेत मारल्या आणि गेटपाशी उभ्या असलेल्या पोराला गाठलं. विचारलं, बंद कधीपासून आहे? तो म्हणाला, दोनपासून.

दोनपासून! पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटं बंद पडलेल्या लिफ्टच्या रांगेत तुम्ही माणसं भरत होतात? गेट टुंग टुंग वाजवत होतात? त्याने खांदे उडवले. म्हणे, वारा पडेल असं वाटलं होतं.

आता वाऱ्यावर माझा राग नाही, हे कृपा करून समजून घ्या. वरचं स्टेशन जवळजवळ २५०० मीटरवर आहे. तिथे वारा सुटला तर लिफ्ट थांबवलीच पाहिजे. माझी लेक त्या डब्यात बसणार होती, त्यामुळे बंद केल्याबद्दल मी हातच जोडेन. मुद्दा बंद करण्याचा नाहीच. मुद्दा सांगण्याचा आहे. दोन वाजता सांगितलं असतं, तर आम्ही त्याच पावली मागे फिरलो असतो. सेलारोंडा हिरव्या बाणांनी उलटीही करता येते. काम्पोलोंगो, कोर्वारा, कोल्फोस्को, गार्देना खिंड, खाली सेल्वा. आलो त्याच वाटेने परत. दोन वाजता निघालो असतो तर आरामात पोहोचलो असतो, वर कोर्वारात पोरांना गरम चॉकलेटही मिळालं असतं. दोन पस्तीसला मात्र रांगेतले सगळेच्या सगळे एकदम मागे वळले आणि काम्पोलोंगोकडे जाणाऱ्या पहिल्या चेअरलिफ्टखाली दुसरी रांग लागली. तिथे आणखी अर्धा तास गेला.

मी डोंबिवलीत वाढले. मध्य रेल्वेला शिव्या देत मोठी झाले. पण मध्य रेल्वेसुद्धा रविवारचा मेगाब्लॉक आधी पेपरात छापून आणते. कल्याणपर्यंत गाडी नाही हे ठाण्याच्या इंडिकेटरवर दिसतं. इथे एका माणसाच्या एका दिवसाच्या पासात मध्य रेल्वेचे कितीतरी महिन्यांचे पास निघतील, आणि रांगेच्या तोंडाशी एक पाटी नाही.

आणि माहिती नसते असं नाही हो, त्याचाच तर जास्त राग येतो. पास प्रत्येक गेटवर वाचला जातो. किती वाजता, कुठल्या लिफ्टवर, सगळी नोंद असते. संध्याकाळी पासावरचा नंबर टाकला की तुमचा अख्खा दिवस आलेखासकट समोर येतो: अमुक लिफ्टा, तमुक हजार मीटर चढउतार. म्हणजे आम्ही अराब्बात उभे आहोत, सकाळी सेल्वातून निघालोय आणि आम्हाला रात्री सेल्वातच जायचंय, हे सगळं तिथल्या एका मशीनला ठाऊक आहे. मग ते वापरायचं कशासाठी? रात्री शाबासकी द्यायला?

आता विषय निघालाच आहे तर नावांचंही बोलू या. एका खिंडीला तीन नावं. इटालियन पास्सो गार्देना म्हणजेच जर्मन ग्रोडनर योख, आणि इथल्या लादीन भाषेत फ्रारा. सेल्वा म्हणजे वोल्कनश्टाइन. कोल्फोस्को म्हणजे कोल्फुश्ग. लादीन पाटीवर असायलाच हवी, या चार खोऱ्यांत टिकून राहिलेली भाषा आहे ती, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण कुठलं तरी एक नाव सगळीकडे सारखं ठेवा ना! कागदी नकाशावर एक, खांबावरच्या बाणावर दुसरं, फोनवर तिसरं. मैत्रिणीचा मुलगा सकाळीच एका फाट्यावर चुकला. त्याने बिचाऱ्याने जर्मन नाव पाठ केलं होतं आणि तिथे वर इटालियन होतं. अकरा वर्षांचं पोर बर्फात एकटं दहा मिनिटं उभं होतं.

बसचीही तीच कथा. सेल्वा आणि कोर्वारा दक्षिण टिरोलमध्ये, अराब्बा व्हेनेतोमध्ये, कनाझेई त्रेन्तिनोमध्ये. डोंगर एक, पास एक, बसव्यवस्था तीन. आमच्या घरमालकिणीने दिलेलं गेस्ट कार्ड दक्षिण टिरोलच्या बसला चालतं. अराब्बात त्याचा काय उपयोग? एकत्रित पास १९७४ सालापासून आहे. पन्नास वर्षांत लिफ्टवाल्यांना एकत्र येता आलं, मग बसवाल्यांना काय धाड भरलीय?

हे ‘जोडलेले’ प्रदेश प्रकरण मला आताशा ऐकवत नाही. मागच्या वर्षी मोर्झीनला गेलो होतो. तेही फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून सहाशे किलोमीटर. आणि गावाच्या एका बाजूला एक डोंगर, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये अख्खं गाव! खांद्यावर स्की, हातात काठ्या, पायात ते लोखंडासारखे बूट, आणि ओल्या डांबरी रस्त्यावरून खटक खटक करत बाजारपेठ पार करायची. लेक तेव्हा नऊची होती, तिचेही स्की माझ्याच खांद्यावर. याला जोडलेलं म्हणतात? मग ठाणे आणि बोरिवलीही जोडलेलीच आहेत, मध्ये फक्त डोंगर आहे.

त्याआधी फ्रान्समधलं त्र्वा व्हाले, म्हणजे ‘तीन खोरी’. नवऱ्याचा ऑफिसातला मित्र व्हाल तोराँसला अडकला, राहायला कुर्शव्हेलला. वरून बघितलं तर दोन खोरी पलीकडे. रस्त्याने जायचं तर खाली मूतिएपर्यंत उतरा आणि पुन्हा दुसऱ्या खोऱ्याने वर चढा. तो रात्री नऊला पोहोचला. आम्ही तेव्हा हसलो होतो, आज त्याला फोन करून माफी मागितली.

आणि ते किलोमीटर! क्रिस्टोफ श्राहे नावाच्या जर्मन माणसाने २०१३च्या सुमारास मोठमोठ्या स्की प्रदेशांचे उतार स्वतः मोजले आणि कितीतरी ठिकाणी छापील आकडा फुगवलेला निघाला. आपण वळणं घेत उतरतो म्हणून वळणांसकट लांबी धरायची, हा एक त्यातला युक्तिवाद. मग मी आज रांगेत पन्नास मिनिटं चालले तेही धरा. सपाट पट्ट्यांवर काठ्या मारत, दंड भरून येईस्तोवर स्वतःला ढकललं तेही धरा. मैत्रीण स्नोबोर्डवाली. दर सपाट पट्ट्यावर तिने एक पाय सोडवला, बोर्ड ओढत ओढत चालली आणि एकदाही तक्रार केली नाही. तिच्या वतीने मी करतेय. नकाशावर सपाट पट्टा सपाट म्हणून दाखवा. सोप्या उताराची निळी रेघ मारून मोकळे होऊ नका.

‘जरा नियोजन करावं’ असं सांगणारे आता येतीलच. केलं होतं. सव्वानऊला निघालो होतो. पुऱ्या चेअरलिफ्टवर खाल्ल्या होत्या. आणखी काय करायचं?

तर कोल्फोस्को. कोर्वारात उतरलो तेव्हा तीन चाळीस. तिथून ती आडवी जाणारी लिफ्ट पकडून पलीकडे गेलो. पोरांना ‘चला, चला, शेवटची लिफ्ट’ म्हणत मी अक्षरशः हाकत होते. लेकीच्या पायाची बोटं तासाभरापासून बधीर होती, तिने मला ते सांगितलंच नव्हतं. खिंडीत नेणाऱ्या लिफ्टपाशी पोहोचलो, समोर वीस पावलांवर गेट, वर डबे अजून फिरतायत. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथल्या लिफ्टवाल्या गृहस्थांनी साखळी अडकवली. मी हात केला, हाक मारली, पोरांकडे बोट दाखवलं. डबे रिकामे जात होते! पण वरची पुढची लिफ्ट थांबणार म्हणून इथून सोडता येत नाही म्हणाले. बरोबर असेल त्यांचं. मी भांडले नाही, कारण लेक रडायला लागली होती आणि तिच्यासमोर मला आवाज चढवायचा नव्हता.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे टॅक्सीच्या नंबराचं स्टिकर. कोपरे मुडपलेलं, ऊन खाऊन फिकटलेलं, हातमोज्यांच्या बोटांनी पुसून पुसून मधले आकडे धूसर झालेलं. मी ते बघत राहिले. म्हणजे हे रोजचं आहे. रोज संध्याकाळी कुणीतरी त्या भिंतीपाशी उभं राहून तो नंबर फिरवतं, इतकी वर्षं की आकडे झिजले. लिफ्ट बंद आहे हे सांगायला अराब्बात जागा नव्हती, आणि टॅक्सीच्या नंबराला इथे कायमची जागा आहे!

पाऊण तास थांबलो. लेकीचे बूट सोडले, तिचे पाय माझ्या जॅकेटच्या आत पोटाशी घेऊन बसले, बर्फाच्या ढेपा असाव्यात तसे लागत होते. पुण्याहून आईचा फोन येत होता, तो उचललाच नाही. काय सांगणार होते? टॅक्सी आली, घाट चढला. खिंड २१२१ मीटरवर. घाट उघडा होता हे नशीबच. बर्फाने बंद असता तर अख्खं बादियाचं खोरं उतरून पुस्टरटाल, ब्रिक्सन आणि मग पुन्हा ग्रोडनचं, म्हणजे आमच्या सेल्वाचं खोरं चढून यावं लागलं असतं. माथ्यावर पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. पलीकडच्या उतारावर बर्फ सपाट करणारी यंत्रं दिवे लावून वर चढत होती. आम्ही जो उतार उतरून चारच्या सुमाराला घरी यायला हवं होतं, तोच उतार. लेक काचेला नाक लावून म्हणाली, ‘आई, ते बघ, आपली पिस्ट.’ मला काही बोलवलं नाही.

पावती घेतलीय. उद्या सकाळी तिकीट खिडकी उघडायच्या आधी मी तिथे उभी असेन. पोरं नवऱ्याबरोबर खालच्या उतारावर खेळतील. म्युनिकमध्ये बारा वर्षं झाली, भांडण्यापुरतं जर्मन मला उत्तम येतं. १४० युरो परत मिळणार नाहीत, ठाऊक आहे, ते मी मागणारही नाही. लिफ्ट दोनला बंद झाली, तर गेट दोन पस्तीसपर्यंत उघडं का होतं, एवढंच विचारणार आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलणार नाही.